पॅलेटवर बरोबर, चित्रात चूक: शेजारच्या रंगामुळे रंग बदलतो तेव्हा काय करायचं

तक्रार साधारण अशी असते. पॅलेटवर रंग हवा तसा जमलेला असतो. ब्रश भरून तो चित्रात लावला की भलताच दिसतो. करडा निळसर होतो, पिवळा मळकट वाटतो, सावलीत जांभळट झाक येते. मग तो खरवडायचा, पुन्हा मिसळायचा, पुन्हा लावायचा, आणि पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्या जागी चिखल होतो आणि खापर ट्यूबवर फुटतं, नाहीतर स्वतःच्या डोळ्यांवर.

बहुतेक वेळा दोन्ही ठणठणीत असतात. लावलेला रंग पॅलेटवर होता तोच आहे, फक्त त्याच्या भोवतीचं बदललंय. डोळा रंगाला एकटा कधी पाहत नाही, शेजाऱ्याशी ताडूनच पाहतो. म्हणून तक्रार एका जागी आणि कारण दुसऱ्या जागी, असा हा प्रकार आहे. तो दरवेळी नव्या वेषात समोर येतो, त्यामुळे ओळखायला वेळ लागतो. खाली त्यातले नेहमीचे वेष आणि प्रत्येकावर काय चालतं ते लिहिलंय.

आधी बाकीचे संशयित बाजूला काढा

शेजाऱ्याला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण त्यांची लक्षणं हुबेहूब अशीच असतात.

पहिली म्हणजे वाळणं. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो, कारण ओला असताना त्यातला बाइंडर (रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट भाग) दुधाळ असतो आणि वाळून पारदर्शक होतो. जलरंग उलट फिका पडतो. गॉश (अपारदर्शक जलरंग) आणि पोस्टर कलर तर दोन्हीकडून छळतात: फिकट छटा वाळून गडद होतात आणि गडद छटा फिकट. तैलरंगात काही भाग तेल शोषले जाऊन निस्तेज, खडूसारखे दिसतात. तिथे रंग बदललेला नसतो, फक्त चकाकी गेलेली असते. तपासायला सोपं आहे. मिसळलेल्या रंगाचा एक फटकारा कागदाच्या कपट्यावर ओढा, वाळू द्या आणि मग चित्रातल्या वाळलेल्या डागाशेजारी धरा. दोन्ही जुळले तर वाळण्याचा यात काही संबंध नाही.

दुसरी म्हणजे उजेड. पॅलेट टेबलावर पिवळ्या दिव्याखाली आणि कॅनव्हास खिडकीच्या उजेडात, अशी मांडणी असेल तर तुम्ही दोन वेगळ्या प्रकाशांत काम करताय. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. पिवळसर घरगुती दिवा २७०० केल्विनच्या आसपास असतो, ढगाळ दिवसाचा उजेड ६५०० च्या पुढेमागे. पॅलेट आणि चित्र एकाच दिव्याखाली, शक्यतो एकाच कोनात ठेवा. एवढ्यानेच प्रश्न मिटला तर उत्तम, पुढचं वाचायची गरज नाही.

मग झाकून बघा

हा खरा निदानाचा भाग आहे आणि याला एक जाड करडा कागद लागतो, बस. त्यात करंगळीच्या नखाएवढी दोन भोकं पाडा. एका भोकातून चित्रातला संशयास्पद रंग दिसू द्या, दुसऱ्या भोकाखाली पॅलेटवरच्या त्याच रंगाचा वाळलेला नमुना सरकवा. भोवतीचं सगळं झाकलं गेलं की दोन्ही एकसारखे दिसतात का? दिसत असतील तर रंग निर्दोष आहे आणि गडबड शेजाऱ्यांची आहे.

कागद करडाच हवा. पांढऱ्या कागदाच्या भोकातून सगळंच गडद दिसतं आणि काळ्यातून सगळंच उजळ, म्हणजे तपासणीचं साधनच साक्ष फिरवतं. करडा किती, असं विचाराल तर फोटोग्राफर वापरतात ते कार्ड चालेल, जे पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परत पाठवतं. आकडा लहान वाटला तरी डोळ्याला तो काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधला वाटतो.

ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या एडवर्ड एडेल्सन यांनी १९९५ मध्ये केलेलं बुद्धिबळपटाचं चित्र शोधून पाहावं. पटावर एका सिलिंडरची सावली पडलीय. सावलीबाहेरचं एक 'काळं' घर आणि सावलीतलं एक 'पांढरं' घर, दोन्ही अगदी एकाच करड्या छटेची आहेत. हे माहीत झाल्यावरही डोळा ऐकत नाही. भोकं पाडलेला कागद वर ठेवला की ऐकतो.

असं होतं तरी का

डोळ्यातल्या पेशी शेजारच्या पेशींना दाबतात. जिथे खूप प्रकाश पडलाय ती पेशी आजूबाजूच्यांचा आवाज कमी करते, त्यामुळे उजळ पट्ट्याशेजारचा गडद भाग आणखी गडद वाटतो आणि गडदाशेजारचा उजळ आणखी उजळ. हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर हाल्डन हार्टलाइन यांनी हे दाखवलं. १९६७ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. रंगाबाबतही अशीच ओढाताण चालते: लालाशेजारी हिरवट झाक, निळ्याशेजारी पिवळसर-नारिंगी झाक. मात्र सगळं काही डोळ्याच्या पडद्यावर संपत नाही. मेंदू उजेड कुठून येतोय, सावली कुठे आहे, कोणता तुकडा कोणत्या वस्तूचा आहे याचे अंदाज बांधतो आणि त्यावरून रंग ठरवतो. म्हणून पुढे एक प्रकार असा येईल की जिथे हा नियम चक्क उलटा फिरतो.

चित्रकारांच्या जगात ही गोष्ट नियम म्हणून मांडली ती एका रसायनशास्त्रज्ञाने, आणि तीही तक्रार निवारण करताना. मिशेल युजीन शेव्रल १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ या शाही विणकामशाळेच्या रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणायला दिलेला काळा धागा पुरेसा काळा नाही. शेव्रलने तो काळा दुसऱ्या ठिकाणच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिला. रंगाईत खोट नव्हती. निळ्याच्या शेजारी बसल्यावर काळ्यावर नारिंगीकडे झुकणारी झाक चढत होती आणि तो विटल्यासारखा दिसत होता. पुढे १८३९ मध्ये त्याने या निरीक्षणांचं जाडजूड पुस्तक छापलं, आणि ते देलाक्रुआपासून सराहपर्यंतच्या चित्रकारांच्या पिढ्यांना पुरलं. (गृहस्थ १०२ वर्षं जगले, त्यामुळे आपल्या नियमावर रंगवलेली चित्रं त्यांच्या हयातीतच भिंतीवर लागली.)

मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हे, की त्याने काळा रंग सुधारत बसायचं सोडून काळ्याच्या शेजारी काय विणलंय ते विचारलं. आपल्यालाही तेच करायचंय.

करडा रंगीत दिसतो

हा सगळ्यात नेहमीचा वेष. उदाहरण धरून जाऊ.

समजा, मागे विटकरी-नारिंगी भिंत आहे आणि पुढे करडी मातीची बरणी. बरणीसाठी तुम्ही अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (विटकरी-तपकिरी) मिसळलात, त्यात पांढरा घातलात. पॅलेटवर छान तटस्थ करडा झाला, ना निळा ना तपकिरी. तो भिंतीच्या रंगात बसवला आणि बरणी निळी झाली. आता हात आपोआप काय करतो? निळेपणा मारायला करड्यात काळा घालतो. बरणी गडद होते आणि निळीच राहते, फक्त आता गडद निळी. मग पांढरा. मग ती खडूसारखी निळी. इथेच चिखल सुरू होतो.

निळेपणा बरणीत नाहीच, तो नारिंगी भिंतीने तिच्यावर टाकलाय. तो कापायचा तर करड्यात भिंतीचाच रंग थोडा मिसळा. बर्न्ट सिएनाचा एक कण, ब्रशच्या टोकावर मावेल एवढा. पॅलेटवर तो करडा आता स्पष्ट तपकिरी दिसेल आणि तुमचं मन म्हणेल, हे चुकतंय. लावा. भिंतीत बसला की तो करडा दिसेल. कमी पडला तर आणखी एक कण. एका वेळी एकच, कारण या टोकाला अगदी थोड्यानेही तोल जातो.

हेच उलटंही वापरता येतं, आणि तिथे खरी गंमत आहे. निळी बरणी हवी असेल तर निळा रंग काढूच नका. नारिंगी भिंतीपुढे साधा करडा ठेवा, तो निळा होईल, आणि ट्यूबमधल्या निळ्यासारखा आगाऊपणा न करता होईल. चेहऱ्याच्या सावलीत जो थंडपणा हवा असतो तो बहुतेक वेळा असाच मिळतो: उष्ण त्वचेच्या शेजारी थोडा मंद, जवळजवळ करडा रंग. सावलीत सरळ हिरवा किंवा निळा ओतला की चेहरा आजारी दिसतो. जुन्या इटालियन चित्रकारांनी त्वचेखाली हिरव्या मातीचा थर दिला होता, पण तो वरच्या गुलाबी थराने झाकण्यासाठी. आज काही जुन्या चित्रांत वरचा थर झिजलाय आणि संतांचे चेहरे हिरवे दिसतात, तो मूळ बेत नव्हता.

हा परिणाम कुठे जोरदार होतो हे माहीत असलं की आधीच सावध राहता येतं. भोवतीचा रंग मोठ्या क्षेत्रात असेल, तीव्र असेल, आतला तुकडा लहान आणि मंद असेल, आणि दोघांचा उजळपणा जवळपास सारखा असेल, तर झाक सगळ्यात जास्त चढते. शेवटची अट लोक विसरतात. बरणी भिंतीपेक्षा बरीच गडद किंवा बरीच उजळ केलीत तर निळेपणा बऱ्यापैकी आपोआप ओसरतो. दोघांच्या मध्ये गडद रेषा आली तरी तो तुटतो. रंगीत काचेच्या खिडक्यांत शिशाच्या काळ्या पट्ट्या काचा धरून ठेवतात आणि हे कामही करतात.

म्हणजे दुरुस्तीच्या वाटा चार झाल्या: तुकड्यात शेजाऱ्याचा रंग मिसळणं, उजळपणात फरक करणं, शेजाऱ्याला मंद करणं आणि मध्ये कड किंवा रेषा आणणं. माझी पसंती बहुतेक वेळा तिसऱ्या वाटेला असते. भिंत थोडी कमी नारिंगी केली की एका फटक्यात तिच्यापुढच्या सगळ्या वस्तू शुद्धीवर येतात, नाहीतर प्रत्येकीशी वेगळी झुंज.

सुरुवातीला छान, शेवटी सगळं फिकं

हा प्रकार इतका सार्वत्रिक आहे की त्याला वेगळं प्रकरण म्हणून कोणी ओळखतच नाही. पांढऱ्या कॅनव्हासवर पहिले काही रंग टाकले की ते फार गडद वाटतात. कारण शेजारी लख्ख पांढरं आहे. म्हणून पुढचा प्रत्येक रंग नकळत थोडा उजळ मिसळला जातो. हळूहळू पांढरा भाग झाकला जातो, शेवटचा पांढरा ठिपका नाहीसा होतो, आणि ज्याच्याशी तुलना करून सगळे रंग ठरवले होते तोच साक्षीदार निघून जातो. उरतं एक फिकं, धुरकट चित्र. मग 'कॉन्ट्रास्ट वाढवू या' म्हणून काळा.

उपाय सुरुवातीलाच आहे: कॅनव्हासला मध्यम छटेचा पातळ हात द्या. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, नाहीतर सरळ करडा. रंग कोणताही चालेल, पांढरेपणा मारला गेला पाहिजे. जलरंगात कागद पांढरा ठेवावाच लागतो, तिथे सगळ्यात गडद जागा लवकर टाका, अगदी एखादी छोटी का असेना. ती असली की बाकीच्या छटांना मोजायला दोन टोकं मिळतात.

पॅलेटचंही तेच. पांढऱ्या प्लास्टिकच्या पॅलेटवर मिसळून तपकिरी अस्तरावर लावाल तर रंग बदललेलाच वाटणार. काचेचं पॅलेट घ्या आणि काचेखाली अस्तराच्या छटेचा कागद सरकवा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, असं मी बिनधास्त सांगतो.

आणि चित्राचा दोन-तृतीयांश भाग झाकला जाईपर्यंत कोणताही एक रंग 'दुरुस्त' करू नका. अर्धवट चित्रात पांढऱ्या कॅनव्हासशेजारी जो रंग चुकीचा दिसतोय तो शेवटी बरोबर ठरू शकतो. आधी भोवतीचं येऊ द्या.

चित्र बरंच पुढे गेलंय आणि नेमका रंग ठरत नाहीये, तेव्हा पारदर्शक अ‍ॅसिटेटचा तुकडा कामाला येतो. त्यावर रंग लावा, वाळू द्या आणि चित्रावर त्या जागी ठेवा. रंग त्याच्या खऱ्या शेजाऱ्यांमध्ये दिसतो आणि कॅनव्हासला हातही लागत नाही. तीन छटांचे तीन तुकडे आलटून पालटून ठेवले की निवड करायला मिनिट पुरतं.

उजेड उजळतच नाही

दिवा रंगवलाय, खिडकी रंगवलीय, टायटॅनियम व्हाइट थापलाय, तरी उजेड पडत नाही. पांढऱ्यावर पांढरा चढवून काही होणार नाही, कारण वर जायला जागाच उरलेली नाही. पांढरा रंग पडलेल्या प्रकाशातला ९० टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो, काळा चार-पाच टक्के. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम विसास एक एवढी शिडी आहे. खऱ्या दृश्यात, ऊन आणि दाट सावली एकत्र असताना, फरक त्याच्या कितीतरी पट असतो.

म्हणून दिवा सोडा, दिव्याभोवतीचं खाली आणा. खिडकीची चौकट, शेजारची भिंत, टेबलाची कड, सगळं एक पायरी गडद. पांढरे ठिपके आणखी कुठे कुठे सांडलेत ते शोधा: कपाची कड, कॉलर, कागद. त्यांना करडं करा, म्हणजे चित्रात शुद्ध पांढरी जागा एकच राहील. फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूरच्या मेणबत्तीच्या चित्रांत ज्योत लहानशी असते, आणि कित्येकदा ती एखाद्या हाताआड लपलेलीही असते. उजेड येतो तो भोवतीच्या मोठ्या, शांत अंधारातून.

उजळ पिवळा मळकट दिसत असेल तर तेही बहुधा याच घरातलं दुखणं आहे. शेजारी आणखी उजळ पांढरा किंवा आणखी तीव्र पिवळा बसलेला असतो. पिवळ्याला धार द्यायला पिवळा घालू नका. शेजारच्या पिवळ्याला मंद करा किंवा जवळ थोडा जांभळट करडा आणा.

कड थरथरते

लाल आणि हिरवा, किंवा नारिंगी आणि निळा, एकमेकांना चिकटून आहेत आणि मधली कड डोळ्यांसमोर नाचते. अक्षरं असतील तर वाचवत नाहीत. दोन विरोधी रंग, दोन्ही तीव्र, दोन्ही सारख्याच उजळपणाचे, असे तीन योग जुळले की हे होतं. कोणताही एक योग मोडला की थांबतं. चित्राचा फोन कॅमेऱ्याने फोटो काढून तो कृष्णधवल करा: कड गायब झाली, दोन्ही एकाच करड्यात विरघळले, तर निदान पक्कं. मग एकाला गडद करा. पोस्टर किंवा फलक असेल तर मध्ये पांढरी किंवा काळी बारीक रेषा द्या. प्रश्न संपला.

बारीक नक्षीत सगळं उलटं

वरचं सगळं वाचून कोणी साडीचा काठ, गालिचा, जाळी किंवा वेलबुट्टी रंगवायला बसला तर वैतागेल, कारण तिथे हा नियम फिरतो. आकार बारीक झाले की शेजारी एकमेकांपासून लांब ढकलण्याऐवजी एकमेकांत मिसळतात. लाल पट्ट्यावर काळ्या बारीक रेषा काढा, लाल गडद होतो. तोच लाल, पांढऱ्या रेषा काढा, लाल फिका होतो. आधीच्या नियमाने बरोबर उलटं व्हायला हवं होतं. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन बेझोल्ड याने १८७४ मध्ये हे मांडलं. नक्षीतला एकच रंग बदलला तर अख्ख्या गालिच्याचा नूर बदलतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

याहून डोकं फिरवणारा प्रकार १९७९ मध्ये मायकेल व्हाइट यांनी दाखवला. काळे-पांढरे आडवे पट्टे, आणि त्यांत एकसारखे करडे तुकडे. काळ्या पट्ट्यात बसवलेला तुकडा उजळ दिसतो, जरी त्याच्या लांब कडांना वर आणि खाली पांढरंच लागलेलं असतं. शेजारच्या पेशींच्या दाबादाबीने हे समजावता येत नाही. मेंदू तुकड्याला 'काळ्या पट्ट्याचा' समजतो आणि त्या घराच्या हिशेबाने मोजतो, असं काहीतरी घडतं.

व्यवहारात याचा अर्थ असा: नक्षीचा रंग चुकीचा वाटला तर जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या सपाट भागाचा रंग बदलू नका, रेषांचा बदला. पिवळी जमीन मळकी वाटतेय आणि तिच्यावर काळी बारीक वेलबुट्टी आहे? वेल काळ्याऐवजी गडद तपकिरी किंवा विटकरी करा, पिवळा लगेच उबदार होईल. आणि हे ठरवताना चित्र जिथून पाहिलं जाणार आहे तेवढ्या अंतरावर उभे राहा. कारण बारीक म्हणजे किती बारीक, हे अंतरावर ठरतं. हातभर अंतरावरून जे रंग एकमेकांना उठाव देतात तेच खोलीच्या पलीकडून एकमेकांत विरतात. ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवणाऱ्यांना हा धडा लवकर मिळतो: लाल आणि हिरवे ठिपके जवळून ठिणग्यांसारखे, लांबून करडे. सराहच्या १८८४ ते १८८६ दरम्यान रंगवलेल्या 'ला ग्रांद जात' बेटावरच्या रविवारच्या चित्रात विरोधी रंगांचे ठिपके आहेत, पण मोठ्या क्षेत्रांचा उजेड-अंधार त्याने आधीच पक्का बांधलाय, म्हणून ते लांबूनही उभं राहतं. (त्यातला झिंक यलो नंतर तपकिरी पडला. तो मात्र खराखुरा रंगाचा दोष, शेजाऱ्याचा नव्हे.)

तासभर एकाच रंगात डोकं घातलं असेल तर

लाल कापडावर बराच वेळ काम करून पांढऱ्या भांड्याकडे वळलात तर भांड्यात हिरवट झाक दिसणार. लालाला थकलेला डोळा लाल कमी मोजतो. ही झाक मारायला पांढऱ्यात गुलाबी घालाल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं गुलाबी सापडेल. उपाय फुकट आहे: रंगकाम बदलण्याआधी करड्या कागदाकडे किंवा खिडकीबाहेर थोडा वेळ पाहा. चित्र आरशात उलटं पाहिलं तरी डोळा ताज्या नजरेने मोजायला लागतो.

स्क्रीनवर काम करत असाल तर

डिजिटल चित्रकारांची तक्रार एकाच साच्याची असते: प्रोग्राममध्ये छान, पांढऱ्या पानावर टाकलं की गडद आणि जड. बहुतेक प्रोग्राम काळ्या किंवा गडद चौकटीत उघडतात. गडद भोवतालात सावल्या उजळलेल्या वाटतात, म्हणून तुम्ही त्या आणखी खाली ढकलता. पांढऱ्या पानावर त्याच सावल्या काळ्याकुट्ट होतात. कॅनव्हासभोवतीचा रंग मध्यम करडा ठेवा, लाल, हिरवी, निळी या तिन्ही वाहिन्यांत (० ते २५५ च्या मापावर) ११९ च्या जवळपास. मधूनमधून भोवताल पांढरा करून बघा, मग काळा करून बघा. दोन्हीकडे चित्र तग धरत असेल तर पुढे जा.

आयड्रॉपर, म्हणजे चित्रातल्या एखाद्या जागेचा रंग उचलून त्याचे आकडे दाखवणारं साधन, हे इथलं भोक पाडलेलं कार्ड आहे. दोन जागा निराळ्या दिसतायत पण आकडे सारखे आहेत, तर कारण शेजारी. मात्र कागदावरच्या चित्राचे दोन वेगवेगळे फोटो काढून त्यांचे आकडे ताडू नका. फोनचा कॅमेरा प्रत्येक फोटोत उजेड आणि पांढऱ्याचा तोल स्वतःच्या मर्जीने बदलतो. तुलना एकाच फोटोतल्या दोन जागांची करा.

संदर्भफोटोवरून रंग उचलून तसाच वापरणाऱ्यांची गाडीही इथेच अडते. फोटोतल्या सावलीचा आकडा बरोबर असतो, पण फोटोत त्या सावलीशेजारी जे होतं ते तुमच्या चित्रात नसतं. पार्श्वभूमी बदललीत तर उचललेले सगळे रंग पुन्हा जुळवावे लागणार.

चित्र संपलं, फ्रेम झाली, आणि बिघडलं

लख्ख पांढरा माउंट (फ्रेमच्या आत चित्राभोवती बसवलेली पुठ्ठ्याची चौकट) चित्रातल्या प्रत्येक फिकट छटेला मळकं करतो, कारण त्याच्यापुढे चित्रातला कोणताच पांढरा टिकत नाही. काळा माउंट रंगांना उजळ करतो पण गडद सावल्यांतला तपशील उथळ करतो. जलरंगाला किंचित मंद पांढरा, चित्रातल्या सगळ्यात फिकट जागेपेक्षा जरासा गडद, हा सुरक्षित पर्याय. रंगीत माउंटचा मोह टाळा. चित्रातल्या ज्या रंगाशी तो 'मॅच' केलेला असतो तोच रंग चित्रात फिका पडतो, कारण तीच छटा भोवती मोठ्या क्षेत्रात पसरलेली असते. माउंट कापून घेण्याआधी वेगवेगळ्या छटांच्या कागदी पट्ट्या चारही कडांना ठेवून पाहा. दुकानातल्या कोपऱ्याच्या नमुन्यावरून ठरवू नका, एक कोपरा चित्राभोवतीचा पूर्ण वेढा दाखवत नाही.

आणि प्रदर्शनात शेजारी कोणाचं चित्र लागेल हे आपल्या हातात नसतं. १८३२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत कॉन्स्टेबलचं लाल-सोनेरी रंगांनी भरलेलं, वॉटर्लू पुलाच्या उद्‌घाटनाचं चित्र आणि टर्नरचं करड्या समुद्राचं चित्र शेजारी-शेजारी टांगलेलं होतं. कॉन्स्टेबल आपल्या चित्रावर शेवटचा लाल हात फिरवत होता. टर्नर आला, दोन्ही चित्रं पाहिली, आपल्या करड्या समुद्रात लाल रंगाचा एक गोल ठिपका टेकवला आणि काही न बोलता निघून गेला. नंतर त्याने त्या ठिपक्याला बोयाचा (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचा) आकार दिला. करड्यातल्या त्या एका ठिपक्यापुढे कॉन्स्टेबलचे सगळे लाल दुबळे पडले. तुमच्या चित्राशेजारी असा कोणी आला तर रंग बदलायला घेऊ नका. मंद करडा माउंट रुंद करा, आणि आयोजक ऐकत असतील तर दोन चित्रांमधली मोकळी भिंत निदान एका चित्राच्या रुंदीएवढी मागून घ्या.